यात 'या' कुठं आहे?

इंग्रजीत एक वाक्य आहे, जे बोलताना कुणाच्या तोंडी येत नाही. ते कागदावरच भेटतं, आणि तेही जाड, दुधी रंगाच्या, सहजी न वाकणाऱ्या कार्डावर. 'मिस्टर अँड मिसेस अमुक रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युअर कंपनी.' पुढे प्रसंग, स्थळ, तारीख, वेळ. एवढंच. विशेषणं नाहीत, आर्जवं नाहीत. मला हे वाक्य फार आवडतं. शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. व्याकरणाची कितीतरी उदाहरणं फळ्यावर लिहिली आणि पुसली. पण माणसानं माणसाला कसं बोलवावं हे इतक्या थोडक्या शब्दांत सांगणारं दुसरं वाक्य मला त्या भाषेत सापडलेलं नाही. ते बरोबर कसं वापरायचं, हे मात्र व्याकरणाच्या पुस्तकांपेक्षा लग्नपत्रिकांनी मला अधिक शिकवलं.

आमचं घर गिरगावात. खाडिलकर रोडवरची पत्रिकांची दुकानं हाकेच्या अंतरावर. तुळशीचं लग्न लागलं, की तिथं पाऊल ठेवायला जागा उरत नाही. काउंटरवर नमुन्यांचे गठ्ठे, प्रत्येकावर सोनेरी गणपती, आणि समोर घरातली चार-पाच माणसं. कुणाला मोतिया हवा, कुणाला लाल. मराठी मजकुरासाठी कुणाला कुणाकडे जावं लागत नाही. तो छापखान्यात तयारच असतो. कुलदैवत, नावं, मुहूर्त आणि कार्यालय तेवढं बदललं की झालं. अडतं ते इंग्रजी बाजूपाशी. मुलाच्या ऑफिसातली मंडळी, मजल्यावरचे तमिळ आणि बंगाली शेजारी, परदेशातले व्याही, यांच्यासाठी ती बाजू. मग कुणीतरी प्रूफ घेऊन माझ्या दाराशी येतं. "बाई, एवढं इंग्रजी जरा बघून द्या ना."

असेच एकदा एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील आले. त्यांच्या हातातल्या प्रूफवर नेहमीचा मजकूर होता. 'सॉलिसिट युअर ग्रेशस प्रेझेन्स विथ फॅमिली अँड फ्रेंड्स ऑन द ऑस्पिशस ऑकेजन', आणि खाली 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' म्हणून साऱ्या आप्तेष्टांची रांग. मुलीला तो नको होता. तिला साधा हवा होता, आणि तिनंच त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. मी प्रूफच्या पाठीवर पेन्सिलीनं ते वाक्य लिहून दिलं. त्यांनी चष्मा पुसला, एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "बाई, छान आहे. पण यात 'या' असं कुठं म्हटलंय?"

प्रश्न अगदी नेमका होता. त्यात 'या' नाहीच.

आपल्या पत्रिकेचा सगळा जीव त्या येण्यात असतो. 'अगत्य येण्याचे करावे', 'उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत', 'आग्रहाचे निमंत्रण'. प्रत्येक क्रियापद पाहुण्याचं आहे. त्यानं काय करावं हे सांगणारं आहे. त्या इंग्रजी वाक्यात पाहुण्याच्या वाट्याला क्रियापदच नाही. जे काही करायचं ते यजमान करतो, आणि तो एकच गोष्ट करतो: मागतो. मागतो काय? तुम्ही यावं, असं नव्हे. तुमच्या संगतीत जो आनंद आहे, तो त्याला हवा आहे. म्हणजे आनंद तुमच्यापाशी आहे, त्याच्यापाशी नाही. जेवण त्याचं, दिवे त्याचे, सनई त्याची, आणि तरी देणारे तुम्ही. हे एकदा लक्षात आलं, की या वाक्याचे सगळे नियम आपोआप उलगडत जातात. शिष्टाचाराच्या पुस्तकांत ते सुटे सुटे दिलेले असतात, पण मूळ सगळ्यांचं हेच.

पहिला नियम असा, की यजमानानं स्वतःला 'आम्ही' म्हणायचं नाही. स्वतःचं नाव घेऊन, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय अशा रीतीनं त्यानं बोलायचं. श्रीयुत व श्रीमती अमुक विनंती करतात. पुष्कळांना हे कोरडं वाटतं. मला ते संकोचाचं वाटतं. समोरासमोर उभं राहून 'मी तुमच्याकडे मागतोय' म्हटलं, की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. तृतीयपुरुषात मागितलं, की मागणारा दोन पावलं मागे सरतो आणि पाहुण्याला विचार करायला जागा मिळते. व्याकरणही इथं सांभाळायचं असतं. नवरा-बायको दोघं मिळून बोलवत असतील तर 'रिक्वेस्ट', एकटी गृहिणी किंवा एकटा गृहस्थ असेल तर 'रिक्वेस्ट्स'. हा एवढासा 'स्' आमच्याकडच्या पत्रिकांत नको तिथं येतो आणि हवा तिथं गळतो. मी तो शोधून काढते तो केवळ सवयीनं नव्हे. आई आणि वडील दोघांच्या नावांखाली दोघांचं क्रियापद असावं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा नियम जोड्यांचा. 'प्लेझर'बरोबर 'कंपनी' येते, 'ऑनर'बरोबर 'प्रेझेन्स'. संगतीचा आनंद, उपस्थितीचा मान. अमेरिकेत जुन्या रिवाजानं लग्न चर्चमध्ये किंवा दुसऱ्या प्रार्थनास्थळी असेल तर उपस्थितीचा मान मागतात, आणि घरी, हॉटेलात किंवा बागेत असेल तर संगतीचा आनंद. देवासमोर होणाऱ्या विधीला पाहुणा साक्षी असतो. साक्षीचा मान असतो, मौज नसते. मेजवानीत तो सोबती असतो. एरवी 'ऑनर'मधला 'यू' गाळणारी अमेरिका अशा औपचारिक पत्रिकेवर मात्र तो ब्रिटिश धाटणीनं परत आणते. इंग्लंडमध्ये चर्चमधल्या लग्नालाही सहसा संगतीचा आनंदच मागतात. दोन्ही रीती आपापल्या जागी बरोबर आहेत. चुकतं ते सरमिसळ केल्यावर. 'प्लेझर ऑफ युअर ग्रेशस प्रेझेन्स' असं मी किती पत्रिकांवर वाचलंय! त्यात लिहिणाऱ्याला दोन्ही द्यायचं असतं, आनंदही आणि मानही, शिवाय वर एक विशेषण. भावना उदार आहे. पण विशेषण आलं की वाक्याचा तोल ढळतो. पाहुणा 'ग्रेशस' आहे हे सांगायची गरज उरत नाही. त्याच्याकडे मागितलं, यातच ते आलं.

तिसरा नियम अव्ययांचा, म्हणजे ज्यात आमची मुलं परीक्षेत हमखास मार्क घालवतात त्यांचा. संगत कुठं, तर 'ॲट द मॅरेज ऑफ देअर डॉटर'. लग्न कुणाशी, तर 'टू'. 'ऑन द ऑस्पिशस ऑकेजन ऑफ द मॅरेज विथ' हा आपला देशी रस्ता. तोही पोचवतो, पण फिरून. जुन्या इंग्रजी साच्यात 'ॲट'नंतर थेट प्रसंग, मग चर्च, मग दिवस, मग वेळ, आणि 'अँड आफ्टरवर्ड्स ॲट' म्हणून जेवणाची जागा. ओळींच्या शेवटी स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ओळ संपली की तिथंच थांबायचं. प्रत्येक ओळीत एकच गोष्ट सांगितलेली असते, त्यामुळे वाचणारा कुठं अडखळत नाही.

आणि चौथा नियम, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, तो छापण्याचा नाहीच. इंग्लंडच्या रिवाजात पाहुण्याचं नाव कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला शाईनं, हातानं लिहितात. बाकी सगळं छापलेलं. अधिक औपचारिक कार्डावर 'युअर' हा शब्दही नसतो. 'द प्लेझर ऑफ द कंपनी ऑफ' एवढं छापून पुढची ओळ कोरी सोडतात आणि तिथं नाव लिहितात. शेकडो कार्डं एकसारखी छापलेली असली तरी या एका ओळीपाशी यजमानाला थांबावं लागतं, माणूस आठवावा लागतो, त्याचं नाव नीट लिहावं लागतं. ते नाव पडेपर्यंत वाक्य अपुरंच असतं.

हेच वाक्य आपल्याकडे थेट राष्ट्रपती भवनात पोचलेलं आहे. 9 सप्टेंबर 2023 रोजी दिल्लीत जी-20च्या पाहुण्यांसाठी भारत मंडपममध्ये मेजवानी होती. तिच्या निमंत्रणावर 'प्रेसिडेंट ऑफ भारत' असं छापलं होतं आणि त्या एका शब्दावर देशभर चर्चा झडली. मला त्या कार्डावरचे पुढचे शब्द वाचून बरं वाटलं, ज्यांच्याबद्दल कुणी काही बोललं नाही: 'रिक्वेस्ट्स द प्लेझर ऑफ द कंपनी ऑफ'. ब्रिटनच्या राजवाड्यातली निमंत्रणं वेगळ्या भाषेत येतात. बागेतल्या उपाहाराचं कार्ड सांगतं, की लॉर्ड चेंबरलेन यांना राजाची आज्ञा झाली आहे, की त्यांनी तुम्हाला बोलवावं. तिथं बोलावण्याच्या मुळाशी हुकूम आहे. आपल्या प्रजासत्ताकाच्या प्रमुख मात्र गिरगावातल्या मुलीच्या आईवडिलांप्रमाणेच विनंती करतात. पहिल्या नागरिकानं इतर नागरिकांच्याच शब्दांत बोलवावं, हे मला फार योग्य वाटतं.

आता मागणं म्हटलं, की उत्तराची वाट पाहणं आलं. कार्डाच्या डाव्या कोपऱ्यात खाली चार अक्षरं असतात: आर. एस. व्ही. पी. मूळ फ्रेंच, कृपया उत्तर द्यावे. 'कृपया' त्यातच असल्यामुळे त्याच्याआधी पुन्हा 'प्लीज' लावायचं नसतं, हे मी वर्गात सांगत असे. पण त्याहून महत्त्वाचं हे, की त्या चार अक्षरांना खरोखरच उत्तर द्यायचं असतं, आणि त्या उत्तराचंही एक घडवलेलं रूप आहे. एमिली पोस्ट या अमेरिकन लेखिकेनं 1922 साली 'एटिकेट' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात निमंत्रणांबरोबर स्वीकार आणि नकार यांनाही तितक्याच आस्थेनं जागा दिली आहे. उत्तरही तृतीयपुरुषात, हातानं, निमंत्रणासारख्याच ओळी पाडून लिहायचं. श्रीयुत व श्रीमती तमुक हे श्रीयुत व श्रीमती अमुक यांचं कृपापूर्ण निमंत्रण आनंदानं स्वीकारतात. स्वीकारतात, 'स्वीकारतील' नव्हे. जेवण पुढच्या महिन्यात असलं तरी स्वीकार आत्ता, या क्षणी होतो. वर्गात काळ शिकवताना मला याहून चांगलं उदाहरण मिळालं नाही.

त्यात एक बारकावा असा आहे, की तो आठवला की मी आजही थबकते. होकार कळवताना दिवस आणि वेळ दोन्ही पुन्हा लिहायची, म्हणजे आपण नीट वाचलं आहे याची यजमानाला खात्री पटते. नकार कळवताना दिवस लिहायचा, वेळ लिहायची नाही. जे येणारच नाहीत त्यांना वेळेशी काय करायचंय? आणि नकाराला कारण द्यावंच लागत नाही. फार तर आधी ठरलेल्या कामाचा मोघम उल्लेख. यजमानही कारण विचारत नाही. त्यानं आनंद मागितला होता, हिशेब नव्हे.

हे सगळं मी त्या गृहस्थांना सांगितलं, तेव्हा ते काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "आमच्यात नाही म्हणायची सोयच नाही हो बाई." खरंय ते. आपल्याकडे अक्षत घेऊन दारात आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. 'बघतो', 'जमवतो', 'नक्की प्रयत्न करू' अशी आडवळणं घ्यावी लागतात. तो जातो तेव्हा त्यालाही ठाऊक असतं आणि आपल्यालाही, की यातलं काहीच पक्कं नाही. पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती फार मोठी आहे. आपलं बोलावणं मोजून केलेलं नसतं. विदर्भात, मराठवाड्यात चूलबंद आमंत्रण देतात; म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, म्हातारी माणसं, लेकरं, आलेगेले पाहुणे सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. 'सहकुटुंब सहपरिवार' या शब्दांतही हाच भाव आहे. कोण कोण येणार, हे विचारणं अशा यजमानाला कमीपणाचं वाटतं. पंगत वाढवता येते, भातात भात घालता येतो.

आपल्या जुन्या पत्रिकेतली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. 'श्रीकृपेकरून विवाह करण्याचे योजिले आहे.' लग्न आहे, असं म्हणत नाहीत. योजिले आहे, म्हणतात. तारीख ठरली, कार्यालय ठरलं, आचारी ठरला, तरी वाक्य म्हणतं की योजना आमची, पार पाडणारा वेगळा. मराठी यजमान देवापुढे वाकतो आणि पाहुण्याला हाताला धरून घरात ओढतो. इंग्रजी यजमान पाहुण्यापुढे वाकतो आणि त्याचा हात मोकळा ठेवतो. नम्रता दोघांत आहे. ती कुणापुढे, यात फरक आहे. म्हणून मी त्या गृहस्थांना मराठी बाजूला हात लावू दिला नाही. तिथं अगत्य हवंच, आग्रह हवाच. फक्त इंग्रजी बाजूवर तो आग्रह ओतू नये. तिथं त्याला बसायला जागा नाही.

दोन रीती जिथं एकमेकींना भेटतात तिथली ओढाताण मी न्यू जर्सीतल्या भाचीच्या लग्नात जवळून पाहिली. तिच्या पत्रिकेच्या लिफाफ्यात एक छोटं कार्ड आणि तिकीट लावलेला, पत्ता छापलेला आणखी एक छोटा लिफाफा होता. कार्डावर सुरुवातीला एकटंच 'एम' हे अक्षर आणि पुढे लांब रेघ. माझ्या वहिनीला वाटलं, छपाईत काही सुटलंय. सुटलेलं नव्हतं. 'मिस्टर', 'मिसेस', 'मिस', 'मिझ', सगळ्या उपाध्या 'एम'नंच सुरू होतात; पाहुण्यानं पुढचं स्वतः लिहून त्या रेघेवर आपलं नाव भरायचं. खाली दोन पर्याय: आनंदानं स्वीकार, किंवा खेदानं नकार. लिफाफ्यावर ज्यांची नावं, तेवढ्यांनाच बोलावणं. मुलांची नावं नसतील तर मुलांना नाही. हॉलवाल्याला आधी ताटांचा आकडा द्यावा लागतो आणि प्रत्येक खुर्चीवर एकाचं नाव असतं.

पुण्याच्या, नाशिकच्या नातलगांना हे परकं वाटलं. नावं मोजून कुठं बोलावतात का, असं एक मावशी फोनवर दुखऱ्या आवाजात म्हणाली. भाचीला उत्तरं हवी होती, येत नव्हती. ज्यांना जमणार नव्हतं त्यांनी तो छोटा लिफाफा तसाच कपाटात ठेवून दिला, कारण लग्नाला नाही असं लिहून पाठवणं अशुभ वाटत होतं. शेवटी तिच्या आईनं एकेकाला फोन केले. ते फोन चालू असताना मी शेजारीच बसून होते. "येत नाही म्हणालात तरी राग नाही, पण सांगा," एवढं तिनं म्हटलं, की पलीकडचा माणूस मोकळं बोलू लागे. कुणाचा गुडघा दुखत होता, कुणाला व्हिसाची धास्ती होती, कुणाकडे तिकिटाचे पैसे नव्हते. इतके दिवस 'बघतो'च्या आड अडकलेली ही माणसं नकार देऊन झाल्यावर नवऱ्या मुलीबद्दल किती आपुलकीनं विचारत होती! नाही म्हणण्याची वाट मोकळी झाली, आणि माया जराही कमी झाली नाही.

तेव्हापासून माझ्याकडे इंग्रजी मजकूर तपासायला येणाऱ्यांना मी 'रिक्वेस्ट'चा 'स्' आणि 'मॅरेज'पुढचा 'टू' दुरुस्त करून देतेच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारते. ज्यांना हे कार्ड जाणार, त्या प्रत्येकाचं नाव तुम्ही हातानं लिहाल का? आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते तुम्हाला ऐकून घेता येईल का? दोन्हींना हो असेल तर हे वाक्य वापरावं. नसेल तर आपलं 'अगत्य येण्याचे करावे' अधिक प्रामाणिक आहे. ते लिहावं, मनापासून लिहावं, आणि पंगत वाढवण्याची तयारी ठेवावी. लोकांना हे प्रश्न ऐकून आधी नवल वाटतं, मग बहुतेक जण यादी काढून बसतात. यादी छोटी होते असं नाही. पण तीत नुसतं 'ऑफिस स्टाफ' असं लिहिलेलं असतं त्याच्या जागी माणसांची नावं येतात.

आणि जे पाहुणे आहेत, म्हणजे आपण सगळेच, त्यांच्याकडेही माझं एक मागणं आहे. कार्ड घरात आलं, की सवडीनं बघू म्हणून बाजूला ठेवू नये. होकार असो वा नकार, दोन ओळी लिहाव्यात. हातानं नाही जमलं तर फोनवर. येणार असू तर दिवस आणि वेळ पुन्हा सांगावी. येणार नसू तर कारणांचा पाढा न वाचता, मनापासून वाईट वाटतंय एवढं म्हणावं. कुणीतरी आपल्या संगतीचा आनंद मागितला आहे. यजमानानं वाक्याचा अर्धा भाग छापून, नाव घालून पाठवला. उरलेला अर्धा आपण लिहायचा असतो, आणि तो वेळेवर लिहिणं हीच त्या वाक्याची खरी शुद्धता आहे.